‘पहिल्यापासून सांगा’ म्हणण्यापूर्वी : मानसिक आघाताचे भान आणि समाजकार्याचे शिक्षण

(एक माजी विद्यार्थिनी, सध्या एम. ए. भाग १, मानसशास्त्र)

याच महाविद्यालयातून मी मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाले. नंतर दोन वर्षे एका जिल्ह्याच्या ठिकाणी महिलांसाठी चालणाऱ्या समुपदेशन केंद्रात साहाय्यक कार्यकर्ती म्हणून काम केले. त्या काळातच शनिवार-रविवारचे वर्ग करून समुपदेशक व समाजकार्यकर्ते यांच्यासाठी असलेला एक पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याचा विषय होता, मानसिक आघाताचे भान ठेवून काम कसे करावे. आता एम. ए. साठी पुन्हा याच इमारतीत आले आहे. इथल्या मैत्रिणी विचारतात, “म्हणजे नेमके काय शिकवतात गं? लोकांचे दुःख ऐकायला प्रमाणपत्र कशाला लागते?” प्रश्न रास्त आहे. तीन वर्षांपूर्वी मीही तोच विचारला असता. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. संबंधित व्यक्तीची ओळख पटेल असा तपशील मी अर्थातच वगळला आहे.

केंद्रात रुजू होऊन मला चार महिने झाले होते. पावसाळ्याचे दिवस होते. एक बाई आल्या आणि बाकाच्या टोकाशी अंग चोरून बसल्या. त्यांचा क्रम आला तेव्हा मी नोंदवही पुढे ओढली आणि म्हणाले, “ताई, घाबरू नका. काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा.” त्यांनी सुरुवात केली, मध्येच थांबल्या, पुन्हा बोलू लागल्या. आधी म्हणाल्या, सोमवारी घडले. थोड्या वेळाने म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी. तिथला बाजार गुरुवारचा. मी विचारले, “नक्की कधी? सोमवारी की गुरुवारी?” त्या माझ्याकडे नुसत्या पाहात राहिल्या. मग “पाणी पिऊन येते” म्हणून उठल्या, त्या परत आल्याच नाहीत. मी वहीत शेरा लिहिला : ‘अर्जदार सहकार्य करीत नाही. हकिगतीत विसंगती.’

तो शेरा माझ्या हस्ताक्षरात अजूनही त्या वहीत आहे. माझा हेतू वाईट नव्हता, मी उद्धटही बोलले नव्हते. तरीही मदत मागायला आलेली एक स्त्री माझ्या टेबलापासून उठून गेली. अशा चुकीचे कारण समजून घेणे, हाच आमच्या अभ्यासक्रमाचा गाभा होता.

आघात म्हणजे काय?

‘ट्रॉमा’ हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ जखम. शरीराच्या जखमेसाठी वापरला जाणारा हा शब्द मनाच्या जखमेला लागू होण्यास बराच काळ जावा लागला, आणि त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धात काही सैनिक थरथर कापत, काहींची वाचा जाई, काहींची दृष्टी अधू होई. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला इजा होत असावी, अशी प्रथम समजूत होती. पुढे असे दिसले की, स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत हीच लक्षणे आहेत. तरीही भित्रेपणाचा शिक्का काही पुसला गेला नाही. त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने पळून जाणे, भ्याडपणा इत्यादी आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना क्षमा मिळाली ती थेट २००६ साली.

त्यानंतर दोन प्रवाह एकत्र आले. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाहून परतलेले सैनिक आपल्या भयस्वप्नांविषयी उघडपणे बोलू लागले. त्याच सुमारास, १९७४ मध्ये, अॅन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम या दोन संशोधिकांनी बॉस्टनमधील एका रुग्णालयात आलेल्या बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रणांगणावरून आलेला पुरुष आणि स्वतःच्या घरात अत्याचार सोसलेली स्त्री यांच्या लक्षणांत विलक्षण साम्य आढळले. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘आघातोत्तर ताणविकृती’ हे निदान समाविष्ट केले आणि या दुःखाला अधिकृत नाव मिळाले.

इथे एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक वाईट प्रसंग म्हणजे आघात नव्हे, आणि आघात झालेल्या प्रत्येकाला विकृती जडते असेही नाही. बहुतेक माणसे आप्तेष्टांच्या आधाराने, काळाच्या ओघात सावरतात. एकच प्रसंग दोन भावंडांवर दोन प्रकारे परिणाम करू शकतो. म्हणून आमच्या अभ्यासक्रमात तीन गोष्टी वेगळ्या काढून पाहायला शिकवले : घडलेली घटना, ती त्या माणसाने कशी अनुभवली, आणि तिचा मागे उरलेला परिणाम. मी त्या बाईंना फक्त पहिल्या गोष्टीविषयी विचारले होते, तेही तारीखवार.

सोमवार की गुरुवार?

जीवावर बेतते तेव्हा शरीर विचार करीत बसत नाही. माणूस प्रतिकार करतो, पळतो किंवा जागच्या जागी थिजून जातो. हे थिजणे माणूस निवडत नाही. “ती ओरडली का नाही?” हा आपल्याकडे सर्रास विचारला जाणारा प्रश्न किती अज्ञानातून येतो, ते यावरून ध्यानात यावे.

स्मरणाचेही तसेच आहे. धोक्याची सूचना देणारा मेंदूतील अमिग्डाला हा भाग अशा वेळी जोराने काम करू लागतो. उलट, प्रसंगाचा क्रम आणि स्थळकाळ यांची सांगड घालणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या कामात अडथळा येऊ शकतो. परिणामी एखादा वास, दाराची कडी वाजल्याचा आवाज, शर्टाचा रंग अगदी स्पष्ट आठवतो; पण वार कोणता, आधी काय आणि नंतर काय, हे सांगता येत नाही. म्हणजे मी जिला ‘विसंगती’ म्हटले, ती खोटेपणाची खूण नव्हतीच. अर्थात क्रम विस्कटलेली प्रत्येक हकिगत खरीच असते असा उलटा निष्कर्षही काढता येत नाही, आणि ते ठरवणे हे माझे काम नव्हते. माझे काम तिला बसते करण्याचे होते. मी उलटतपासणी केली.

भान ठेवणे म्हणजे काय करणे?

आघाताचे भान ठेवून काम करणे आणि आघातावर उपचार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक आम्हाला पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दिला होता. उपचार तज्ज्ञाने करायचे. त्यासाठी विशिष्ट पद्धती आहेत, आणि त्यांचे शिक्षण स्वतंत्र व दीर्घ आहे. भान मात्र रुग्णालयातील शिपायापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येकाला ठेवता येते. मॅक्सिन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी २००१ साली हा विचार सेवासंस्थांच्या संदर्भात मांडला. समोरच्याला आघात झाला आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते. तेव्हा झाला असू शकेल असे धरूनच सर्वांशी वागावे, हे त्यामागचे सूत्र. कोणाला काय झाले ते खोदून काढण्याची गरजच मग उरत नाही.

२०१४ साली अमेरिकेच्या एका सरकारी यंत्रणेने या विचाराची चार पायऱ्यांत मांडणी केली. आघात किती व्यापक असतो याची जाणीव ठेवणे, त्याची चिन्हे ओळखणे, त्यानुसार आपली कामाची रीत बदलणे आणि आपल्याच हातून जखम पुन्हा उसवणार नाही याची दक्षता घेणे. याला सहा तत्त्वांची जोड आहे : सुरक्षितता, विश्वास व पारदर्शकता, समदुःखींचा आधार, सहकार्य, आपले मत मांडण्याची व निवड करण्याची मुभा, आणि संस्कृती, इतिहास व स्त्री-पुरुष भेद यांचे भान.

परीक्षेपुरती ही यादी मी पाठ केली होती. तिचा अर्थ कळला तो एका साध्या प्रात्यक्षिकामुळे. आमच्या बाईंनी सांगितले, “सोमवारी कामावर जाल तेव्हा कर्मचारी म्हणून जाऊ नका. अर्जदार म्हणून फाटकातून आत शिरा, आणि जे दिसेल ते लिहून आणा.” मी तसे केले. फाटकाशी पहारेकऱ्याने मोठ्याने विचारले, “काय केस आहे?” मी कर्मचारी आहे हे त्याला ठाऊक होते, मी विनंती केली म्हणून त्याने नेहमीचाच प्रश्न नेहमीच्याच आवाजात विचारला. रस्त्यावरच्या चहावाल्यालाही तो ऐकू गेला. आत लिपिकाने पूर्ण नाव विचारले, आणि आडनाव सांगताच त्याची मान वर झाली. आपल्याकडे आडनाव विचारले म्हणजे आणखी काय विचारले जाते, हे सांगायला नको. बाक दाराच्या अगदी समोर होता. येणाराजाणारा प्रत्येक जण बसलेल्या बाईकडे पाहात असे. माझ्या टेबलापुढची अर्जदाराची खुर्ची अशी होती की, तिची पाठ दाराकडे आणि बाहेर पडायची वाट माझ्या खुर्चीवरून. मग मी मोजले. एका अर्जदाराला आपली हकिगत पहारेकरी, लिपिक, मी, आमच्या प्रमुख आणि वकील अशी पाच वेळा सांगावी लागत होती. आणि माझ्या तोंडचे पहिले वाक्य होते, “पहिल्यापासून सांगा.”

हे टिपण मी प्रमुखांना भीत भीत दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि महिन्याभरात काही गोष्टी बदलल्या. पहारेकऱ्याने ‘या, बसा’ एवढेच म्हणायचे. बाक आतल्या भिंतीशी लावला. खुर्ची फिरवली, आता बसणाऱ्या बाईला दार दिसते आणि तिची वाट कोणी अडवीत नाही. हकिगत एकदाच, तिच्या संमतीने लिहायची आणि पुढे तो कागद न्यायचा. माझे पहिले वाक्यही बदलले. आता मी म्हणत असे, “आज तुम्हाला जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबू. मी काय लिहिते ते तुम्हाला वाचून दाखवीन.” या साऱ्याला खर्च जवळजवळ शून्य आला.

बोलते करणे नेहमीच हिताचे असते का?

‘मन मोकळे केले की बरे वाटते’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते पुष्कळदा खरेही असते. पण मोकळे कधी व्हायचे, कोणापाशी, किती, हे ज्याचे त्याने ठरवले तरच. १९८३ साली जेफ्री मिशेल यांनी अग्निशामक दलातील व रुग्णवाहिकांवरील माणसांसाठी, दुर्घटनेनंतर लगेच एकत्र बसवून अनुभव सांगायला लावण्याची पद्धत सुचवली. ती जगभर पसरली. पुढे अभ्यासांची काटेकोर छाननी झाली तेव्हा, २००२ च्या सुमारास असे दिसून आले की, अशा एकाच बैठकीने नंतरचा त्रास टळत नाही. काहींच्या बाबतीत तो वाढण्याचा संभव असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ सालच्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत बोलते करण्यावर भर नाही. तिथे तीनच क्रिया आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे, जागा सुरक्षित आहे ना ते पाहा, माणूस सांगेल तेवढे ऐका, आणि त्याला अन्न, निवारा, नातेवाईक व सेवा यांच्याशी जोडून द्या.

ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत : आधी सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, शेवटी माणसांशी पुन्हा नाते जोडणे. क्रम महत्त्वाचा आहे. ज्या घरात रात्री परत जायचे आहे तेच घर सुरक्षित नसेल, तर स्मरणाचा आग्रह धरून काय उपयोग? मी मात्र दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करीत होते.

आपल्याकडील वाटचाल

हा सारा विचार पाश्चात्त्य आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. तसे नाही. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर तेथील डॉक्टरांना मानसिक आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देण्याचा प्रयत्न झाला, आणि आपत्तीनंतर मनाचीही काळजी घ्यावी लागते ही जाणीव देशात रुजू लागली. त्याच १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिस आयुक्तालयातच स्त्रिया व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिस ठाण्याची पायरी चढलेल्या बाईला तिथेच एक प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटावी, ही कल्पना त्या काळी नवी होती. पुढे २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी ‘दिलासा’ हे केंद्र उभारले. घरात मार खाल्लेली बाई समुपदेशकाकडे जाईलच असे नाही, पण जखमेवर टाके घालायला रुग्णालयात नक्की येते, हा त्यामागचा साधा विचार.

कायद्यातही हे भान हळूहळू उतरले आहे. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याप्रमाणे बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो. जबाब घेणारा पोलिस अधिकारी गणवेशात नसावा, बालकाला साक्षीसाठी वारंवार न्यायालयात बोलावू नये, आणि साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या नजरेसमोर नसावा. बलात्कारपीडित स्त्रीच्या तपासणीतील अपमानास्पद ‘टू फिंगर टेस्ट’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निषिद्ध ठरवली, आणि २०२२ साली ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल असे बजावले. कायदा वाचला की हायसे वाटते. पण तो अमलात आणणारा माणूस फाटकाशी ‘काय केस आहे?’ असे ओरडतच असेल, तर कायदा कागदावरच राहतो. प्रशिक्षणाची गरज आहे ती इथे.

ऐकणाऱ्याचे काय?

या अभ्यासक्रमाचा एक भाग ऐकणाऱ्याविषयी होता. रोज दुसऱ्याच्या यातना ऐकणाऱ्याच्या मनावरही त्यांचा ठसा उमटतो. १९९० साली मॅकॅन आणि पर्लमन या दोघींनी याची मांडणी केली. झोप उडणे, माणसांवरचा विश्वास उडणे, नाहीतर काहीच न वाटणे, ही त्याची लक्षणे. आज मला असे वाटते की, माझ्या वहीतला तो कोरडा शेरा काही अंशी यातूनच आला असावा. त्या दिवशी त्या बाई माझ्या सातव्या अर्जदार होत्या. ही सबब नव्हे, कारण आहे. म्हणून ज्येष्ठ सहकाऱ्यापाशी नियमितपणे आपल्या कामाची चर्चा करणे, हा या शिक्षणाचा आवश्यक भाग मानला जातो. ती सोय नसलेल्या संस्थेत प्रमाणपत्र भिंतीवर टांगून काही होत नाही.

या शिक्षणाच्या मर्यादाही प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. अशा प्रशिक्षणाने कर्मचाऱ्यांचे ज्ञान व दृष्टिकोन बदलतात याला बऱ्यापैकी पुरावा आहे. मदत घेणाऱ्यांच्या आयुष्यात त्याने किती फरक पडतो याचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे. शिवाय ‘ट्रॉमा’ हा शब्द आजकाल इतका स्वस्त झाला आहे की, परीक्षेत कमी गुण मिळाले तरी तो वापरला जातो. आणि ज्या बाईचे दुःख भुकेतून व बेघरपणातून आले आहे तिला मृदू आवाज पुरत नाही. तिला शिधापत्रिका आणि छप्पर लागते.

घरातला एक धडा

माझे आजोळ औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. माणसे उशिरा झोपली होती. जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड माळवदांची घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली, आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो जीव गेले. माझी आजी वाचली. पुनर्वसनात तिला पक्के घर मिळाले, पण ती कधी त्यात झोपली नाही. थंडी असो, पाऊस असो, तिची खाट अंगणातल्या पत्र्याच्या आडोशाला. अनंत चतुर्दशीच्या रात्री तर ती झोपतच नाही. आम्ही नातवंडे हसत असू. मामा दर वर्षी समजूत घालीत, “आई, आता घर पक्कं आहे, काही होत नाही.” आजी म्हणे, “तुमी झोपा बाबा आत. मला हितंच बरं हाय.”

अभ्यासक्रम संपल्यावर, मनात आले असते तर मी वही घेऊन आजीसमोर बसू शकले असते. प्रबंधाला विषयही मिळाला असता. पण मी तिला काहीच विचारले नाही. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला गेले आणि माझी गोधडी घेऊन अंगणात तिच्या शेजारी पडले. मध्यरात्रीनंतर केव्हातरी ती आपणहून बोलू लागली. भूकंपाविषयी नव्हे, त्या रात्री विसर्जनाला कोण कोण नाचले होते, त्याविषयी. एकेकाचे नाव घेतले. त्यांतली बरीच नावे मी घरात कधीच ऐकली नव्हती. मग म्हणाली, “झोप आता माय.” मी विचारले नाही म्हणून तिने सांगितले की एरवीही सांगितले असते, कोण जाणे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी फार थोडे जण समुपदेशक होतील. पुष्कळ जण शिक्षक, लिपिक, पोलिस, पत्रकार, वकील होतील. आपल्याच वर्गातली एखादी मैत्रीण उद्या वसतिगृहाच्या जिन्यावर आपल्याला काही सांगू लागेल. तेव्हा तपशील विचारू नका, ‘तू तिथे गेलीसच का?’ असे विचारू नका, आणि ‘विसरून जा’ असेही म्हणू नका. तिची जागा सुरक्षित आहे ना ते पाहा, ती सांगेल तेवढे ऐका, आणि पुढे कोणाकडे जायचे ते तिला ठरवू द्या. सोबत मात्र जा. तिच्या परवानगीवाचून ती गोष्ट तिसऱ्या कानी जाऊ देऊ नका. एक अपवाद आहे : ती अठरा वर्षांच्या आतली असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल, तर कायद्याने कळवणे बंधनकारक आहे. तेव्हा ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन आधीच देऊ नका.

राहिली ती नोंदवही. केंद्र सोडताना मी ते पान पुन्हा उघडले. जुना शेरा खोडता येत नव्हता आणि खोडूही नये. त्याच्याखाली तारीख घालून मी लिहिले : ‘वरील शेरा चुकीचा आहे. अर्जदारास बोलण्यास पुरेसा अवधी दिला गेला नाही. पुन्हा आल्यास हकिगत विचारू नये. प्रथम बसावयास सांगावे.’ आणि सही केली.